त्यांचं फूल वारसा, आमचं फूल मुद्देमाल

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. सातवीत असताना हमखास हातचा विसरणारा हा मुलगा आता वाळूजच्या एका बिअर कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. आधी दहा मिनिटं तो नुसताच चहाच्या कपाशी चाळा करत बसला. मी निर्व्यसनी माणूस, जन्मभर शाळेत दारूबंदीची भाषणं दिलेली. आपण काय काम करतो ते सरांना सांगायचं कसं, असा त्याला संकोच. शेवटी मीच म्हणालो, "अरे, सांग की मोकळेपणी. मी पीत नाही, पण ऐकायला काय हरकत आहे?"

मग त्याची गाडी जी सुटली ती थांबेना. जव भिजवायचा, त्याला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, म्हणजे माल्ट झाला. मग पाणी, मग यीस्ट. आणि या सगळ्यात जीव ओतणारी वस्तू म्हणजे हॉप. "सर, हॉप म्हणजे एका वेलीचं फूल. बिअरचा कडवटपणा त्याचा, वास त्याचा, आणि बिअर टिकते तीही त्याच्यामुळेच." त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. हिरव्या पाकळ्यांचा एकावर एक थर असलेला छोटासा गोंडा. झेक देशात झतेत्स नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या वाणाला जगभरचे बिअरवाले साझ म्हणतात. १८४२ साली पिल्झेन गावात जी सोनेरी बिअर पहिल्यांदा तयार झाली, आणि जिच्या नकला आज जगभर खपतात, तिच्यात हेच फूल होतं. या फुलाला युरोपात त्या प्रदेशाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण आहे. आणि २०२३ साली युनेस्कोनं ते गाव, भोवतालचे हॉपचे मळे, फुलं वाळवायच्या आणि साठवायच्या जुन्या इमारती, असा सगळा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

"म्हणजे आपलं अजिंठा जसं, तसंच ते, सर."

आमच्या धावड्याच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर आहे. अजिंठ्याची लेणी १९८३ साली त्या यादीत गेली. तेव्हा मी भर वर्गात पेढे वाटले होते. आता त्याच यादीत बिअरमध्ये घालायचं एक फूल जाऊन बसलं, हे ऐकून मला आधी हसू आलं. मग विचार केला, यात हसण्यासारखं काय आहे? शेकडो वर्षं पिढ्यान् पिढ्या ज्यांनी एक वेल जपला, त्यांच्या कष्टाचा जगानं मान राखला. चांगलंच झालं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात छतावर परदेशी पोशाखातली माणसं मद्याचे पेले घेऊन बसलेली रंगवली आहेतच की. सहलीला नेलेली मुलं हमखास तिथंच बोट दाखवून विचारायची, आणि मी हमखास विषय बदलायचो.

तर मी त्या विद्यार्थ्याला विचारलं, "तुमच्या कारखान्यात हॉप कुठलं?" म्हणाला, परदेशातून येतं. "आणि जव?" तो राजस्थानकडचा. "मग आपलं त्यात काय रे?"

तो हसला. म्हणाला, "पाणी, सर."

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण तो गेल्यावर रात्री मला झोप लागेना. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी या शब्दावर झोप लागत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वेळी तेव्हाच्या औरंगाबादेतले मद्याचे कारखाने चालू होते. त्यांचं पाणी कापा, हे सांगायला उच्च न्यायालयाचं खंडपीठ मध्ये पडावं लागलं आणि ती कपात टप्प्याटप्प्यानं साठ टक्क्यांपर्यंत गेली. आमच्या भोकरदन तालुक्यात माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळतात हे काही मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

पण आज मला पाण्याबद्दल लिहायचं नाही. मला फुलाबद्दल लिहायचं आहे. त्यांच्या फुलाचं असं झालं. आमच्या फुलाचं काय झालं?

आमचं फूल म्हणजे मोहाचं. आमच्या गावाचं नाव एका झाडाचंच नाव आहे. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात घालतात, तो धावडा. म्हणून झाडांबद्दल दोन शब्द बोलायचा मला थोडासा हक्क आहे असं मी मानतो. मोह उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो. फुलं झाडावरून तोडायची नसतात, ती रात्रीतून आपसूक खाली पडतात. पिवळसर पांढरी, जाड, रसाळ, हातात घेतली की चिकट. पहाटे बायका-पोरं टोपली घेऊन झाडाखाली जातात, वेचतात, अंगणात पसरून वाळवतात. वाळलं की ते मनुक्यासारखं तपकिरी होतं, आणि त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. दुष्काळात माणसं त्यावर जगली आहेत. तिळाबरोबर कुटून लाडू करतात, भाकरीत घालतात, बैलांना खाऊ घालतात. बियांचं तेल निघतं. आणि हो, फुलं आंबवून दारूही गाळतात. ते मी लपवत नाही.

आता हे फूल आणि कायदा यांची गाठ कशी पडली ते बघा. एकोणिसाव्या शतकात मुंबईला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांमध्ये गाळली जात असे, आणि त्यासाठी फुलं पंचमहालातून येत. हा मोठा धंदा होता, आणि सरकारला त्यातून भरपूर महसूल मिळे. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरोघरी गाळणं बंद, सरकारमान्य भट्टीतलीच प्या, असा त्याचा अर्थ. तरी डोंगरातली माणसं आपापली फुलं वेचून गाळतच राहिली. म्हणून १८९२ साली खास म्हौरा कायदा केला. म्हौरा म्हणजे मोहच, साहेबाच्या तोंडातला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत थेट फुलावरच निर्बंध आले. साहेबाला ठाकर-कातकऱ्यांच्या लिव्हरची काळजी होती असं कृपा करून समजू नका. महसूल गळत होता, ते भोक बुजवायचं होतं. माणूस पितो म्हणून त्याला शिक्षा करणं वेगळं. इथं झाडाखाली पडलेलं फूल उचलणाऱ्यावरच संशय घेतला गेला.

आमच्याकडे तेव्हा निजाम. ते कायदे इथं नव्हते. पण अबकारीच्या पैशावर निजामाचंही दप्तर चाले. वडील सांगायचे, गुत्त्यांचे लिलाव व्हायचे, आणि गुत्तेदार गावाचा दुसरा पाटीलच असायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि पुढं १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आम्हालाही लागू झाला. स्वतंत्र भारतातला हा कायदा. पण मोहफुलाकडं बघायची नजर त्यात साहेबाचीच राहिली. फुलं बाळगायची, विकायची, न्यायची तर नियम, परवाने, मर्यादा.

१९६० नंतर बंदी हळूहळू सैल झाली. साखर कारखान्यांच्या मळीपासून देशी दारू निघू लागली. बिअरचे कारखाने आले. २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, आणि वाइनला करात सवलत मिळाली. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्यांना अनुदान द्यायचं धोरण आलं. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माझ्या मराठवाड्यात हे ऐकून माझ्या घशाखाली घास उतरेना. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय झाला. विरोध झाला म्हणून तो अडकला, ते वेगळं. पण त्या वेळी बाजू मांडणारे काय म्हणत होते? शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल! ऊस शेतकऱ्याचा, द्राक्षं शेतकऱ्याची, ज्वारी शेतकऱ्याची. मग पहाटे चारला उठून फुलं वेचणारी बाई कोण लागते हो? तिच्या फुलाला भाव मिळावा असं कुणाच्या मनात का आलं नाही?

उत्तर मला माहीत आहे, कारण मीसुद्धा त्याच कळपातला होतो.

१९८० नंतरची गोष्ट. मी तेव्हा एका शाळेवर होतो. डोंगराकडच्या भिल्ल वस्तीवरून एक मुलगा यायचा. चार किलोमीटर चालत. अक्षर मोत्यासारखं, आवाज खणखणीत. दोन ऑक्टोबरला आमची प्रभातफेरी निघायची. दारूबंदीवरचं भाषण मी लिहून द्यायचो आणि एखाद्या मुलाकडून पाठ करून घ्यायचो. त्या वर्षी याच्याकडून करून घेतलं. फेरीत सगळ्यात पुढं 'दारू सोडा, संसार जोडा' असा फलक घेऊनही तोच. त्याचा बाप प्यायचा, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच मी त्याला निवडलं होतं. गावापुढं उदाहरण ठेवायचं होतं मला. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या झोपडीवर धाड पडली. दारूची भट्टी सापडली नाही. सापडली ती वाळवून ठेवलेली दोन पोती मोहफुलं. पंचनाम्यात ती मुद्देमाल म्हणून लिहिली गेली, आणि बापाला घेऊन गेले. त्याची आई शाळेत माझ्याकडे आली. म्हणाली, "गुर्जी, ते खायाला ठेवलेलं व्हतं. बैलालाबी देतो आम्ही. तुम्ही लिव्हून द्या एवढं." मी काही लिहून दिलं नाही. दारूबंदीवर भाषणं देणारा मास्तर मोहफुलाची बाजू कशी घेणार? मी म्हणालो, "बाई, कायदा आहे तो. मी काय करणार?" जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा आला नाही. पुढं कुटुंब ऊसतोडीला गेलं एवढंच कळलं. त्याच महिन्यात गावातल्या एका बड्या घरच्या लग्नात बिअरचे खोके टेम्पोतून उतरताना मी पाहिले होते. तिथं कुणी पंचनामा केला नाही, आणि माझ्याही तोंडून शब्द निघाला नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, म्हातारपणी तुम्ही दारूची वकिली करायला लागलात. तसं नाही. दारूनं बुडालेले संसार मी शाळेच्या हजेरीपटावर बघितले आहेत. पोरगं सलग गैरहजर राहू लागलं की दहातल्या सहा वेळा कारण बापाची बाटली असे. गडचिरोलीच्या लोकांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांनी त्यासाठी जे केलं त्यापुढं मी हात जोडतो. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली तेव्हा मला वाईट वाटलं. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला तर दुकान बंद करता येतं, ते आडव्या बाटलीचं मतदान हा मला आपल्या राज्यातला सगळ्यात शहाणा नियम वाटतो.

पण म्हणूनच म्हणतो, विरोध करायचा तर सगळ्या दारूला सारखा करा. झेक फुलाची आली की ती उद्योग, द्राक्षाची आली की ती शेतकऱ्याचं हित, मळीची आली की तो महसूल, आणि मोहाची आली की गुन्हा, हा कुठला न्याय? पिणाऱ्याच्या यकृताला यातला फरक कळत नाही. फरक फक्त गाळणारा कोण आहे, त्याच्या अंगावर कपडे कसले आहेत, याचा आहे.

दुसरा आक्षेप असा की गावठी दारू विषारी असते, माणसं मरतात. मरतात, खरं आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. पण ती कशानं गेली? मिथेनॉलनं, म्हणजे कारखान्यातल्या रसायनानं. त्यात मोहाचा काय दोष? उलट फूल दडवून ठेवायची वेळ आली तिथं भट्टीत काळा गूळ आणि नवसागर शिरले, कारण ते दुकानात मिळतात आणि वर्षभर मिळतात. चोरून करायची वस्तू माणूस घाईत करतो, आणि घाईत केलेली वस्तू घातकच होते. उघड्यावर, तपासणीखाली, ठरलेल्या रीतीनं काढलेल्या दारूचं असं होत नाही. गोव्याची फेणी बघा. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. आणि ती फेणी कशाची? काजूची. काजू आला ब्राझीलहून, पोर्तुगीजांच्या गलबतातून! परदेशी फळाची दारू चारशे वर्षांत वारसा होऊ शकते, आणि जे झाड या मातीत कधीपासून उभं आहे ते कुणाला ठाऊक नाही, त्याच्या फुलाचा मात्र पंचनामा.

२०२१ साली महाराष्ट्र शासनानं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध उठवले. म्हौरा कायद्यापासून मोजलं तर १२९ वर्षांनी. उशीर झाला, पण झालं. मध्य प्रदेशानं त्याच सुमाराला एक पाऊल पुढं टाकलं. मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हटलं, आणि ती काढायचं काम आदिवासी बचत गटांकडं सोपवलं.

इथं मला नवी भीती वाटते, आणि खरं तर तीच सांगायला मी आज बसलो आहे. वारसा हा शब्द आला की मागोमाग बाटलीवर वारली चित्रं येतात, पुण्या-मुंबईच्या हॉटेलात चकचकीत मेनूकार्डं येतात. फूल वेचणारीला किलोमागं काही रुपये आणि बाटलीला हजारो, असं व्हायला कितीसा वेळ लागतो? काल फूल मुद्देमाल होतं तेव्हा तुरुंगात ती गेली. उद्या वारसा झालं तर नफ्यात ती असेल का? झतेत्सचा मान त्या मळ्यांचा आणि तिथल्या माणसांचा आहे. त्या जमिनीत, त्या नावानं पिकलं तरच ते फूल खरं. नाव विकत घेऊन कुणी दुसरीकडं वेल लावला तर ते चालत नाही. आमच्याकडं वारसा कुणाचा, हे ठरवायच्या आधीच बाटलीवरचं लेबल छापून तयार असतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एक, मोहफूल हे आधी अन्न आहे. अंगणवाडीत, शाळेच्या पोषण आहारात त्याचे लाडू का नसावेत? शेंगदाण्याची चिक्की चालते, मग हे का नको? दोन, २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली आहे. ती कागदावरून झाडाखाली आणा. तीन, मोहाची दारू काढायला परवाना द्यायचाच असेल तर पहिला हक्क वेचणाऱ्यांच्या गटांचा, कंपनीचा नाही. आणि चार, तो परवाना नको म्हणायचा हक्कही त्याच गावातल्या बायकांचा. हे चारही एकदम हवं. फक्त तिसरं घेऊन पळणारे पुष्कळ भेटतील.

आणि आमच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान लागलं तर? मी बाई नाही, मला मत नाही. पण घरातल्या सगळ्या सुनांना मी सांगेन, आडवीवर शिक्का मारा. मोहाची असो, मळीची असो, नाहीतर झेक फुलाची असो.

आमच्या बाजूला आता मोह मोजकेच उरलेत. मका आणि कपाशी डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली. जी झाडं आहेत त्यांच्याखाली पहाटे कुणी फारसं दिसत नाही. फुलं पडतात आणि दुपारपर्यंत उन्हानं काळी पडतात. गेल्या चैत्रात नातवाला घेऊन गेलो होतो. त्यानं एक फूल उचललं आणि विचारलं, "आजोबा, हे खाऊ का?" मी म्हणालो, "खा." तो म्हणाला, गोड आहे, पण वास कसातरीच. मग खिसाभर घेऊन आला.

त्या मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही. तो आता साठीकडं झुकला असेल, कुठल्या कारखान्याच्या फडावर नाहीतर कुठल्या शहराच्या कडेला. त्याच्या आईनं मागितलेली चिठ्ठी मी तेव्हा लिहिली नाही. चाळीस वर्षांनी लिहितो आहे. हे फूल खायचं आहे. बैलालाही देतात.